हेड उतरवल्यानंतरचे दोन दिवस

नमस्कार श्रोतेहो. घाट चढताना गाडीचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि टोचन करून गाडी गॅरेजला आणावी लागली, असा प्रसंग तुमच्यापैकी काहींवर आला असेल. मिस्त्री ऑइलची पट्टी ओढून दाखवतो. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं असतं. म्हणजे हेड गॅस्केट गेलं, इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला पातळ पत्रा. त्यातून पाणी ऑइलमध्ये उतरलं. आता हेड उतरवायचं. अशा वेळी "संध्याकाळपर्यंत गाडी देतो" हे वाक्य कानाला फार गोड लागतं. मी वर्षानुवर्षं हेच काम करतो, म्हणून कळकळीनं सांगतो, त्या वाक्याला भुलू नका.

गॅस्केट बदलणं म्हणजे जुना पत्रा काढून नवा ठेवणं नव्हे. गॅस्केट जळलं ते इंजिन तापल्यामुळे, आणि तापलेलं हेड बहुधा वाकतं. बऱ्याच गाड्यांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टांनी जखडलेलं हेड फुगायला जागा मिळाली नाही की वाकडं होतं. डोळ्यांना ते दिसत नाही. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून तिच्याखाली फीलर गेजचं, म्हणजे ठरलेल्या जाडीचं पातळ पोलादी पातं सरकवून पाहावं लागतं. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात ही मर्यादा 0.05 मिलिमीटर दिलेली असते. जेमतेम केसाच्या जाडीएवढी! त्याहून जास्त वाक निघाला तर हेड लेथवर पाठवून फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायचं. त्यात दिवस जातो, पण जाऊ द्यावा.

मागे एक गाडी माझ्याकडे आली. तीन आठवड्यांपूर्वीच दुसरीकडे गॅस्केट बदललेलं होतं. हेड उलटं करून ट्यूबलाइटखाली धरलं तर पृष्ठभागावर गोल गोल चमकदार ओरखडे. कुणीतरी ग्राइंडरला घासणारी चकती लावून जुनं गॅस्केट खरवडलं होतं. पट्टी ठेवली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये पातं अलगद आत गेलं. त्या चकतीची बारीक पूड ऑइलमध्ये मिसळली होती, आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडून पाहिलं तर बेअरिंगवर चरे उमटले होते. वाचवलेला एक दिवस त्या मालकाला अर्ध्या इंजिनाच्या कामाला पडला. प्लॅस्टिकच्या पट्टीनं, हातानं, तासभर बसून खरवडलं असतं तर एवढं झालं नसतं.

बोल्टांचंही तसंच. ब्लॉकमधली भोकं कोरडी करावी लागतात. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर ते दबत नाही, ब्लॉकला तडा जातो. आवळायचं मधून कडेकडे, किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानं, दोन-तीन फेऱ्यांत. हाताच्या अंदाजानं नाही. अनेक नव्या इंजिनांत शेवटी ठरावीक अंश फिरवायचे असतात. तिथे बोल्ट मुद्दाम ताणला जातो, म्हणून तो पुन्हा वापरत नाहीत.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायला कधीही हो म्हणू नका. इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि मुळात ते का तापलं हे तसंच राहतं. रेडिएटर चोंदलाय का, पंखा लागतोय का, वॉटर पंप गळतोय का, हे आधी शोधायला सांगा.

गाडी सोडताना लेथचं बिल मागा. फीलर गेजनं किती वाक निघाला ते विचारा, आणि त्या मोजमापाच्या वेळेचे पैसे हसतमुखानं द्या. नवे बोल्ट घातले असतील तर जुने पाहायला मागा. जुना नव्याशेजारी उभा करा. पुष्कळदा तो किंचित लांब झालेला असतो, आणि आट्यांजवळ थोडा बारीक.