केटरिंगच्या शाळेने शोधलेला प्रक्षेपणतळ

श्रोतेहो, १७ मार्च १९६६ रोजी सोव्हिएत संघाने ‘कॉसमॉस ११२’ हा उपग्रह सोडला. ‘तास’ या सरकारी वृत्तसंस्थेने नेहमीप्रमाणे त्याची उंची, एका प्रदक्षिणेला लागणारा वेळ आणि कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन जाहीर केला. उद्देश वैज्ञानिक संशोधनाचा असल्याचे सांगितले आणि प्रक्षेपणाचे ठिकाण मात्र सांगितले नाही. प्रत्यक्षात तो छायाचित्रे टिपणारा टेहळणी उपग्रह होता.

इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे जेफ्री पेरी आणि त्यांचे सहकारी, रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर, हे दोघे अशा उपग्रहांचे संदेश रेडिओवर ऐकत असत. डॉप्लर परिणाम, म्हणजे जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या स्रोताच्या लहरींची बदललेली जाणवणारी वारंवारता, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष ऐकवता यावा, हा त्यामागचा एक हेतू होता. विद्यार्थीही नोंदी ठेवू लागले. संदेश किती वाजता सुरू झाला, कधी थांबला, एवढ्याच त्या नोंदी असत. पण त्या सातत्याने ठेवल्या गेल्या, हेच मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते.

या जातीचे आधीचे उपग्रह कझाकस्तानातील बैकानूर या प्रक्षेपणतळावरून सुटत. कॉसमॉस ११२ च्या कक्षेचा कोन मात्र सुमारे ७२ अंश होता, आणि त्याचा जमिनीवरील मार्ग प्रक्षेपणाच्या वेळेपर्यंत मागे नेला असता बैकानूरशी त्याचा मेळ बसेना. तरीही एका मार्गावरून दिशा कळते, नेमके स्थान कळत नाही. ऑक्टोबरमध्ये ‘कॉसमॉस १२९’ वेगळ्या कोनाच्या कक्षेत गेला, तेव्हा दोन रेषा मिळाल्या, आणि त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तो प्रदेश उत्तर रशियातील अर्खांगेल्स्क प्रांतात, प्लेसेत्स्क गावाजवळ होता. अमेरिकी गुप्तचरांना तेथील क्षेपणास्त्रतळाची माहिती आधीच होती. तिचा जाहीर उच्चार मात्र पेरींनी त्याच वर्षी केला. सोव्हिएत सरकारने या तळाचे अस्तित्व मान्य करायला १९८३ साल उजाडावे लागले.

कक्षेत फिरणारी वस्तू गतीच्या नियमांपासून लपवता येत नाही, आणि ज्या सरकारला आपल्या यशाची घोषणा करायची असते त्याला काही खरे आकडे द्यावेच लागतात. शौकिया संशोधकाचे बळ या दोन गोष्टींच्या सांध्यात आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘एक्स-३७बी’ या लष्करी अवकाशयानाची कक्षा गुप्त ठेवली गेली होती, तेव्हाही हौशी आकाशनिरीक्षकांनी महिनाभरात ते आकाशात हुडकून काढले.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १८ मार्च १९८० रोजी प्लेसेत्स्कच्या प्रक्षेपणमंचावर इंधन भरताना अग्निबाणाचा स्फोट होऊन ४८ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी कक्षेत काहीच पोहोचले नाही, त्यामुळे रेडिओवर ऐकण्यासारखे काही उरले नव्हते, आणि सोव्हिएत वाचकांना ही दुर्घटना कळली ती १९८९ मध्ये.