चाकोरी मोजणारी माणसं
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : ड्रोन. लाल खडकाचं पठार, त्यावर दोन समांतर रेषा]

या दोन रेषा नीट पाहा. कधीतरी इथून एक जीप गेली. मागाहून आणखी काही गेल्या असतील. आता दोन चाकांच्या मधे झुडपं वाढली आहेत. पुढे ओढ्यानं काठच कापून नेलाय, आणि तिथून पलीकडे रेषा दिसत नाहीत.

हा रस्ता म्हणायचा का?

अमेरिकेच्या युटा राज्यात या प्रश्नावर गेली 40 वर्षं आणि वर भांडण चालू आहे. कोर्टात, सिनेटमध्ये, गावोगावच्या सभांमध्ये. उत्तर ‘हो’ आलं, तर आजूबाजूची हजारो एकर जमीन एका कायद्याच्या कक्षेबाहेर जाते. ‘नाही’ आलं, तर ती आत येऊ शकते.

[दृश्य : राज्याचा नकाशा, सरकारी जमीन पिवळ्या रंगात]

युटा म्हणजे आकारानं महाराष्ट्राच्या साधारण 70 टक्के. माणसं मात्र 2020च्या जनगणनेत 33 लाखांच्याही आत. इथली 60 टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे. त्यातली सव्वादोन कोटी एकरांहून जास्त एकाच खात्याकडे, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे. शेतीजोगी जमीन लोकांनी घेतली, जंगलं वन खात्याकडे गेली, नावाजलेल्या दऱ्यांची राष्ट्रीय उद्यानं झाली. जे कुणालाच नको होतं, ते या खात्याच्या वाट्याला आलं. आपल्या गायरानासारखी गत : मालक सरकार, गुरं चारायला सगळे, आणि निगा राखायला कुणी नाही. मग या ओसाड जमिनीखाली युरेनियम निघालं, कोळसा निघाला, तेल आणि गॅस निघाला.

[दृश्य : कृष्णधवल चित्रफीत. जीप, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर हातात धरलेला माणूस]

1950च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी हा प्रदेश चाकांखाली घातला. सापडलं तर खाण, नाही सापडलं तर पुढची दरी. माणसं निघून गेली, पण वाळवंटात पुसायला पाऊस नाही. चाकोऱ्या तशाच राहिल्या.

1964 साली वाइल्डरनेस कायदा आला. किमान 5,000 एकरांचा सलग, रस्ता नसलेला, माणसाचा हात फारसा न लागलेला भूभाग अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, राखीव केला, की तिथे नवा रस्ता नाही, नवी खाण नाही, मोटार नाही. चालत जा, घोड्यावरून जा, परत या. सुरुवातीला हा कायदा ब्यूरोच्या जमिनींना लागू नव्हता. 1976 साली दुसऱ्या कायद्यानं ब्यूरोला सांगितलं : तुमच्याकडे असं काय काय आहे, ते मोजा.

ब्यूरोनं मोजलं. नोव्हेंबर 1980मध्ये युटाचा आकडा जाहीर झाला : 25 लाख एकर.

हा आकडा ऐकून हसणारी माणसं होती. ती या दऱ्यांतून वर्षानुवर्षं चालली होती, आणि खात्याच्या नकाशावर जिथे रस्ता दाखवला होता तिथे त्यांना काय दिसलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी अपिलं केली. अपील मंडळानं बहुतेक ठिकाणी खात्याचा निर्णय फेरविचारासाठी परत पाठवला, आणि आकडा चढत 32 लाखांवर गेला. तरीही कितीतरी दऱ्या बाहेरच होत्या. 1983 साली सदर्न युटा वाइल्डरनेस अलायन्स ही संघटना उभी राहिली, आणि दोन वर्षांत अनेक संस्थांची मिळून आघाडी झाली. या लोकांनी ठरवलं, की खात्याला चूक म्हणत बसण्यापेक्षा आपणच मोजू.

[दृश्य : ट्रकचं बॉनेट, त्यावर पसरलेला नकाशा, चार कोपऱ्यांवर चार दगड]

हे काम कसं चालतं ते पाहू, कारण सगळी लढाई इथेच आहे.

नकाशा सरकारीच असतो, भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा. एक इंच म्हणजे 2,000 फूट. आधी घरी बसून त्यावरची प्रत्येक तुटक रेघ पेन्सिलीनं गिरवायची. मग गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत जायचं आणि पुढे उतरून पायी. जिथे थांबलात तिथे नकाशावर आकडा लिहायचा, शेजारी बाण काढायचा. बाण म्हणजे कॅमेऱ्याची दिशा. फोटो काढायचा, वहीत त्याच आकड्यापुढे काय दिसतंय ते लिहायचं. पुन्हा चालायचं. 1990च्या दशकात हे सगळं फिल्मच्या कॅमेऱ्यावर झालं. रोल धुऊन येईपर्यंत फोटो आला की नाही तेही कळायचं नाही.

[दृश्य : जवळून. बाई वाकून मातीत हात घालते]

या बाई काय शोधताहेत? मोरी. रस्त्याखालून पाणी जायला कुणी मोरी घातली आहे का? कडेला ग्रेडरनं, म्हणजे रस्ता सपाट करणाऱ्या यंत्रानं, सारलेल्या मातीचा बांध आहे का? ओढा ओलांडताना खडी टाकली आहे का? यातलं काही सापडलं, तर प्रामाणिकपणे ‘रस्ता’ लिहायचं आणि हद्दीची रेघ त्याच्या अलीकडे ओढायची. ब्यूरोच्या व्याख्येप्रमाणे रस्ता म्हणजे यंत्रानं बांधलेला, यंत्रानं दुरुस्त ठेवलेला, बऱ्यापैकी नियमित वापरातला मार्ग. नुसती वाहनं जाऊन जाऊन पडलेली चाकोरी हा रस्ता नव्हे.

म्हणून हे मधोमध उभं असलेलं ज्युनिपरचं झाड इतकं मोलाचं. कंबरेइतकं आहे. या हवेत ज्युनिपर इतका वाढायला बरीच वर्षं जातात. तेवढ्या वर्षांत इथून ग्रेडर गेलेला नाही, याचा याहून चांगला साक्षीदार कोण आणणार? फोटो, आकडा, बाण.

सत्याग्रह म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे काहीच नाही. घोषणा नाहीत, गर्दी नाही. निवृत्त शिक्षिका, सुट्टीवर आलेली कॉलेजची मुलं, एखादा नोकरी सोडून आलेला. पाठीवर पाणी, खिशात पेन्सिल.

[दृश्य : अगदी जवळून. काळपट, खडबडीत माती]

इथे जरा थांबू. ही माती करपल्यासारखी दिसते, पण ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेला थर. त्यातले धागे वाळूचे कण धरून ठेवतात, पाणी मुरू देतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. बुटाचा एक पाय पडला की थर मोडतो. भरून यायला दशकं लागतात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. म्हणून स्वयंसेवक एकामागून एक, ओढ्याच्या वाळूतून किंवा उघड्या खडकावरून चालतात. चारचाकीला एवढी पावलं जपून टाकता येत नाहीत.

[दृश्य : जुनी रंगीत चित्रफीत. दोन बुलडोझर, मधे ताणलेली साखळी]

आणि हे दुसरं टोक. दोन बुलडोझरांच्या मधे जहाजाच्या नांगराची साखळी. बुलडोझर पुढे निघतात, आणि पिन्यन पाइन, ज्युनिपर मुळासकट आडवे होतात. गुरांसाठी गवत व्हावं म्हणून युटात असे डोंगरच्या डोंगर साफ झाले. यावर बोलण्यासारखं काही नाही, पाहा.

[दृश्य : 1995ची सभा. खचाखच भरलेलं सभागृह, छातीवर बिल्ले]

1989 साली युटाचेच खासदार वेन ओवेन्स यांनी 51 लाख एकरांचं विधेयक मांडलं. पुढे मोजणी वाढली, आकडा 57 लाखांवर गेला. 1995मध्ये राज्याच्या तेव्हाच्या प्रतिनिधींनी स्वतःचं विधेयक आणलं : सुमारे 18 लाख एकर राखीव, आणि उरलेली जमीन यापुढे कधीही वाइल्डरनेस म्हणून सांभाळायची नाही. मग हे बिल्ले आले. त्यावर एकच आकडा, 5.7, म्हणजे 57 लाख. मार्च 1996मध्ये न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली यांनी सिनेटमध्ये बोलत राहून ते विधेयक अडवलं. वाळवंट युटात, अडवणारा अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा. स्थानिकांचा राग इथूनच सुरू होतो. पण जमीन सगळ्या देशाची असेल, तर न्यू जर्सीचीही आहेच की.

त्याच वर्षी अंतर्गत व्यवहार मंत्री ब्रूस बॅबिट यांनी ब्यूरोला वादातली जमीन पुन्हा मोजायला पाठवलं. 1999 साली निकाल आला : आधीच्या 32 लाखांखेरीज आणखी 26 लाख एकर जमीन पात्र आहे. बेरीज करा. 58 लाख. दोन्हीकडच्या सीमारेषा तंतोतंत जुळत नव्हत्या, तरी पेन्सिल आणि वही घेऊन फिरलेल्यांचा 57 लाखांचा आकडा खात्यानंच खरा ठरवला. दरम्यान स्वयंसेवकांनी नव्यानं सगळं राज्य पालथं घातलं होतं आणि त्यांचा आकडा 90 लाखांच्या पुढे पोचला होता.

[दृश्य : ग्रेडर. धूळ]

वाइल्डरनेसला विरोध करणाऱ्यांच्या हाती एक जुनं वाक्य होतं. 1866च्या खाण कायद्यातलं, सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ता काढायचा हक्क देणारं. 1976मध्ये ते रद्द झालं, पण आधीचे हक्क कायम ठेवून. मग जुनी चाकोरी दाखवायची आणि म्हणायचं, हा आमचा 1976च्या आधीचा रस्ता. 1996च्या शरद ऋतूत दक्षिण युटातल्या तीन काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, तर वादग्रस्त वाटांवर थेट ग्रेडरच फिरवले. पुढे राज्यानं 12 हजारांहून जास्त वाटांवर दावे ठोकले. त्यात शेताकडे जाणारे खरे रस्तेही आहेत, आणि ओढ्यांची पात्रंही. खटले अजून चालू आहेत.

[दृश्य : बेअर्स इअर्स. शेजारी शेजारी दोन उंच टेकड्या]

या लढाईत एक गोष्ट उशिरा आली. वाइल्डरनेस कायदा म्हणतो, माणूस इथे पाहुणा. पण दिने (म्हणजे नवाहो), होपी, झुनी, यूट या आदिवासी राष्ट्रांचं या जमिनीशी जुनं नातं आहे. होपी, झुनी यांच्या पूर्वजांची घरं या कपारींमध्ये आजही उभी आहेत. भिंतीच्या लिंपणात बोटांचे ठसे आहेत. त्यांना पाहुणे कोण म्हणणार? 2010नंतर युटा दिने बिकेया या संस्थेच्या लोकांनी सुमारे 70 वडीलधाऱ्यांना भेटून नकाशा केला. तोही पायवाटांचाच, पण औषधी वनस्पती कुठे मिळतात, सरपण कुठून आणायचं, कोणत्या जागी विधी होतात, याचा. पेन्सिल तीच, प्रश्न वेगळे. 2015मध्ये पाच आदिवासी राष्ट्रांनी एकत्र येऊन बेअर्स इअर्सभोवतीची 19 लाख एकर जमीन राखीव करायची मागणी केली. 28 डिसेंबर 2016 रोजी ओबामांनी साडेतेरा लाख एकरांचं राष्ट्रीय स्मारक, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं राखलेला प्रदेश, जाहीर केलं. वर्षभरात ट्रम्प यांनी त्यातलं 85 टक्के काढून टाकलं. ऑक्टोबर 2021मध्ये बायडन यांनी ते परत जोडलं.

[दृश्य : लिलावाचं सभागृह, स्थिरचित्र]

19 डिसेंबर 2008. तेल आणि गॅसच्या भाडेपट्ट्यांचा लिलाव. 70 क्रमांकाची पाटी घेऊन टिम डिक्रिस्टोफर हा विद्यार्थी, पट्टे कंपन्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून, बोली लावत गेला. खिशात पैसे नव्हते. हे नाव गाजलं, आणि गाजायलाच हवं, त्यासाठी तो दोन वर्षांची शिक्षा भोगून आलाय. त्याच सुमारास संस्थांनी कोर्टातून 77 पट्ट्यांना स्थगिती मिळवली होती, आणि फेब्रुवारी 2009मध्ये ते रद्दही झाले. त्या अर्जाचा फोटो कुठे छापून आला नाही.

[दृश्य : ग्रीन नदी, लॅबिरिंथ कॅन्यन, संथ होडी]

मग मिळालं काय? 2019मध्ये एमरी काउंटीत 6 लाख 63 हजार एकर वाइल्डरनेस जाहीर झालं. सप्टेंबर 2023मध्ये मोआबजवळ लॅबिरिंथ कॅन्यनच्या परिसरातल्या 317 मैल वाटा मोटारींना बंद झाल्या. जीपवाल्यांनी आणि राज्यानं त्यावर दावे लावलेत. ज्यांची फिरायची वाट बंद झाली, ज्यांचा धंदा या वाटांवर चालतो, त्यांची नाराजी खोटी नाही.

[दृश्य : 2025. राज्य विधानभवनाच्या पायऱ्या, हातात फलक]

ऑगस्ट 2024मध्ये युटानं थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली : 1 कोटी 85 लाख एकर सरकारी जमीन केंद्रानं स्वतःकडे ठेवणंच घटनाबाह्य आहे. जानेवारी 2025मध्ये न्यायालयानं दावा ऐकायला नकार दिला. त्याच जूनमध्ये सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर जमीन विकायची तरतूद अर्थसंकल्पी विधेयकात घातली. या वेळी विरोधाला गिर्यारोहकांच्या बरोबरीनं शिकारी आणि मासेमारीवालेही उतरले, आणि महिना संपायच्या आत तरतूद मागे घेतली गेली.

ओवेन्स यांचं विधेयक 1989पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. काही तुकडे वेगळ्या कायद्यांतून सुटले, पण अख्खं विधेयक एकदाही मंजूर झालेलं नाही. ब्यूरो आता एकेका भागातल्या वाटांचे नवे आराखडे करतंय. प्रत्येक मसुद्यावर हरकती घ्यायला लोकांना ठरावीक दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत मसुद्यातल्या वाटा पुन्हा चालून पाहायच्या असतात.