नेटचं सोडा, आधी नांगर बसवायला शिका

नमस्कार मंडळी! आम्ही ग्रीसमध्ये बोटीवर राहतो, नवऱ्याचं ऑफिसही इथूनच चालतं. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "ताई, बोटीवर नेट कसं येतं?" अहो, येतं! मागच्या कमानीवर स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहावरून नेट देणारी थाळी, शेजारी 400 वॉटचे सोलर पॅनल, खाली लिथियम बॅटऱ्या. सलग दोन दिवस ढग आले की थाळी रात्री बंद. झालं. व्हिसा? ग्रीसचा डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं काम इथे राहून करणाऱ्यांचा, महिना 3,500 युरोंची कमाई दाखवायची, जोडीदार असेल तर 20 टक्के जास्त. आणि वेळ, तर उन्हाळ्यात आम्ही तुमच्या अडीच तास मागे. पुण्याची दहाची मीटिंग इथे साडेसातला, नवरा दात घासून थेट हजर. वर नीट शर्ट, खाली हाफ पँट. तेही विचारून झालंय तुमचं.

पण हे ऑफिस एका जागी थांबतं कसं, हे कोणीच विचारत नाही!

(कॅमेरा नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, चेनवर)

ही चेन. हिच्या दुसऱ्या टोकाला, खाली 6 मीटरवर, नांगर. परवा एकाने लिहिलं, "नांगर टाकायचा आणि लॅपटॉप उघडायचा, मस्त लाइफ!" दादा, नांगर टाकणं वेगळं आणि नांगर बसवणं वेगळं. गणपती घरी आणला म्हणजे बसला का? नाही ना? तसंच.

पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं. लेफकादाजवळच्या मेगानिसी बेटावरची एक छोटी खाडी. पाणी 6 मीटर. तिप्पट चेन पुरते असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून 18 मीटर सोडली, आणि मी पोहे करायला खाली गेले. इथे सकाळी पाणी तेलासारखं शांत असतं आणि दुपारी वायव्येकडून माइस्त्रो नावाचा वारा सुटतो. हे माहीत होतं बरं का! दोन वाजता, म्हणजे तुमच्या साडेचारला, नवऱ्याचा क्लायंट डेमो. स्क्रीन शेअर केलेली, आणि त्याच्या मागच्या खिडकीतून ऑलिव्हची झाडं हळूहळू सरकतायत. क्लायंट म्हणाला, "आर यू इन अ ट्रेन?" मी कढई तशीच टाकून वर धावले. शेजारच्या बोटीवरचे आजोबा हातात फेंडर (बोटी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये धरायचा फुगा) धरून आमचीच वाट बघत उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

चुकलं कुठे? आपल्या भाषेत शेतातला आणि बोटीचा, दोन्ही नांगरच. माझे आजोबा नांगर धरायचे. फाळ जमिनीत घुसतो कधी? बैल आडवं ओढतात तेव्हा. वर उचललात की निघाला बाहेर! इथेही तेच. चेन कमी असली की वाऱ्याने बोट मागे जाते, चेन ताठ होते आणि नांगराला वर उचलते. चेन भरपूर असली की तिचा बराच भाग तळाशी लोळत पडतो, ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी खोल जातो. म्हणून पाचपट. आणि पाचपट कशाची? नुसत्या पाण्याची नाही हो! पाणी 6, वर नाळेची उंची 1, झाले 7. पाच साते पस्तीस. पस्तीस मीटर! आम्ही सोडली होती अठरा.

दापोलीकडचे एक काका, वडील मासेमारीला जायचे त्यांचे, त्यांनी विचारलं, "भरतीचं काय?" काका, मुजरा! भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक वीतभर, हातभर, त्यामुळे इथे चालतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी 4 मीटरहून जास्त फरक पडतो. तिथे ओहोटीला मोजून पाचपट सोडाल, तर भरतीला ती तिप्पटच्या आसपास येईल.

चेन सोडली तरी नांगर अजून बसलेला नाही हं! इंजिन रिव्हर्समध्ये, आधी हळू, मग जोर. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, मी चर्चचा मनोरा आणि मागचा विजेचा खांब धरते. त्या एकमेकांपासून सरकल्या तर उचला, पुन्हा टाका. तीनदा, चारदा, लाज नाही वाटायची. आणि टाकायचा तो फिकट निळ्या वाळूत. गडद पट्टे दिसतात ते समुद्री गवत. तिथे नांगर धड बसत नाही आणि ते गवतही उपटलं जातं.

"तुम्ही उगाच घाबरवता" अशी कॉमेंट येणारच. येऊ दे. मी अजूनही डायव्हिंगचा चष्मा लावून उडी मारते आणि फाळ गाडला गेलाय का ते डोळ्यांनी बघते.

(खालून आवाज)

हो, हो! दीड वाजला, तुमच्याकडे चार, त्याची मीटिंग सुरू होतेय. कॅमेरा बंद करते. टॉयलेटचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात, नक्की.