बाळाची शू सगळे विचारता, आईची कोण विचारणार?

मागच्या ताई, पुढे या न, पंखा इकडेच आहे. बोर्डावर लिहिलंय "बाळंतपणानंतरच्या लघवीच्या दुर्मिळ तक्रारी", त्या मी सांगणारच आहे, पण आधी एक साधी गोष्ट सांगू द्या, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

सिस्टर म्हणून माझा सगळा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात गेला. बाळ झालं की नातेवाईक काय विचारतात? रडलं का, वजन किती, शू केली का, शी काळी झाली का. बाळाच्या शूसाठी आजी दुपटं उचलून उचलून पाहते, आणि बाजूला जी पडली आहे तिनं लघवी केली का हे कोणी विचारत नाही. स्टाफ विचारतो, पण बऱ्याच ठिकाणी फाइलीत टिक करण्यापुरतं. "झाली का?" "हो, झाली थोडी." टिक. किती झाली, ते कोणी पाहिलं?

माझ्या भाचीचंच सांगते. नागपुरातलंच हॉस्पिटल, नाव घेत नाही. पहिलटकरीण, कळा लांबल्या, शेवटी व्हॅक्युम, म्हणजे बाळाचं डोकं ओढायचं यंत्र, लावून रात्री मोकळी झाली, टाके बरेच पडले. सकाळी राउंडला डॉक्टर आले, बाळ पाहिलं, टाके पाहिले, छान आहे म्हणाले अन गेले. दुपारी मी डबा घेऊन पोचले तर पोरगी एका कुशीवर, चेहरा पांढरा, पोट फुगलंय म्हणते. गॅस आहे म्हणून गोळी दिलेली. मी विचारलं लघवी झाली का, तर तिची सासू म्हणते, "थेंब थेंब होऊन राह्यली न माय, सारखी होऊन राह्यली." तिथेच माझ्या लक्षात आलं. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्याही वर घट्ट गोळा, एका बाजूला सरकलेला. गर्भाशय बाळंतपणानंतर बेंबीच्या आसपास असतं, ते असं वर आणि बाजूला सरकलं की खाली लघवीची पिशवी भरली आहे असं समजायचं. हे थेंब म्हणजे लघवी होणं नाही, पिशवी काठोकाठ भरून वरचं सांडून राहिलं असतं. लघवीची नळी टाकली, तर युरोबॅगवरची, म्हणजे नळीला लावलेल्या लघवी जमा व्हायच्या बॅगवरची, रेघ दीड लिटरच्या वर गेली. पिशवी साधारण अर्धा लिटरची असते हो! आणि फाइलीत काय लिहिलं होतं? लघवी झाली, टिक.

मला राग कशाचा आला सांगू? नळी लागली याचा नाही, नळी तर औषध आहे. राग आला तो वेळ गेल्याचा. ही पिशवी म्हणजे स्नायू आहे, फार ताणली गेली की सैल झालेल्या इलॅस्टिकसारखी होते, मग ती दाबून लघवी बाहेर काढू शकत नाही. पोरीला नळी ठेवून घरी पाठवलं. बारशाला बाया येऊन राहिल्या, बाळाला काजळ लावून राहिल्या, आणि ती गोधडीखाली बॅग लपवून बसलेली. पुढे नळी काढली, लघवी केल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं, आणि हळूहळू सगळं जागेवर आलं. बहुतेकींचं येतंच, वेळेत कळलं तर काही दिवसांतच येतं.

हे होतं काऊन? कळांमध्ये बाळाचं डोकं तिथल्या नसा दाबतं, सूज येते, आणि कंबरेतून वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं असेल तर पिशवी भरल्याचं समजतच नाही. त्यात बाळंतपणानंतर शरीर साठवलेलं पाणी सोडतं, म्हणजे लघवी नेहमीपेक्षा जास्त तयार होते. वरून आपली पद्धत, मे महिन्यात इथं पारा 45 च्या पुढे आणि बाळंतिणीला पाणी कमी द्या, पोट सुटते! काही सुटत नाही बाप्पा, द्या तिला पाणी. अन संडास कुठे? व्हरांड्याच्या टोकाला, ओली फरशी, टाके ओढले जातात, मग ती दाबून धरते. तिला हात धरून न्या, टाक्यांवर कोमट पाणी टाकत टाकत करू द्या, नळ सोडा, लाजू नका. बाळंतपणानंतर किंवा नळी काढल्यावर 6 तासांत मोकळी लघवी झाली नाही तर सिस्टरला बोलवायचं, ओरडून बोलवायचं. आणि एक मापाचा मग. माझी वर्षानुवर्षं हीच मागणी आहे, प्रत्येक खाटेखाली एक प्लास्टिकचा मापाचा मग, पहिली लघवी त्यात, आकडा फाइलीत. भरलेल्या पिशवीमुळे गर्भाशय नीट आवळत नाही आणि रक्तस्राव वाढतो, म्हणजे हा मग रक्तस्रावासाठी पण कामाचा.

अध्यक्षताई घड्याळ दाखवून राहिल्या, हॉल सोडायचा आहे, तर आता दुर्मिळ गोष्टी भराभर.

पहिली, लघवीची पिशवी फाटणं. साध्या बाळंतपणानंतर फारच क्वचित होतं, पण होतं. पोट फुगतं, दुखतं, लघवी अगदी कमी, आणि रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी लघवीतून बाहेर टाकते तो कचरा, वाढतं म्हणून सगळे किडनीच्या मागे लागतात. किडनी चांगली असते, लघवी पोटात सांडते आणि तिथून परत रक्तात शोषली जाते. पोटातलं पाणी काढून त्यातलं क्रिएटिनिन तपासलं, ते रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं, की उलगडा होतो.

दुसरी, सिझेरियनमध्ये किडनीकडून येणाऱ्या नळीला इजा. ऑपरेशननंतर एका बाजूची कंबर दुखते, ताप येतो, त्याला टाक्यांचं दुखणं म्हणून सोडू नका.

तिसरी फिस्टुला, पिशवी आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक. अडलेल्या बाळंतपणात डोकं तासन्‌तास दाबून राहतं, तिथला रक्तपुरवठा बंद पडतो, मेलेला भाग काही दिवसांनी गळतो, तोवर बाई घरी गेलेली असते. आता सिझेरियन किंवा गर्भपिशवी काढतानाच्या इजेनं पण होतो. खोकल्यावर थोडी लघवी निघणं वेगळं, यात रात्रंदिवस, झोपेतही गळते, वास येतो, बाई घराच्या कोपऱ्यात बसते. पिशवी आणि गर्भाशय यांच्यामध्येही भोक पडू शकतं, बहुधा सिझेरियननंतर, मग पाळीच्या दिवसांत लघवीतून रक्त येतं. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर नवरा-बायको 1959 ला इथिओपियात गेले, 1974 मध्ये आदिस अबाबाला त्यांनी फक्त याच बायांसाठी दवाखाना काढला. आणि प्रत्येक लेबर रूमच्या ट्रेमध्ये असतो न सिम्सचा स्पेक्युलम, योनिमार्ग उघडून पाहायचं अवजार, त्या सिम्स डॉक्टरनं 1840 च्या दशकात अमेरिकेत हे भोक शिवायचं ऑपरेशन गुलाम बायांवर भूल न देता पुन्हा पुन्हा करून बसवलं. अनार्का, ल्युसी, बेट्सी. ही तीन नावं पण प्रत्येक नर्सिंगच्या पोरीला पाठ पाहिजे.

फिस्टुला बरा होतो. लहान असेल आणि लवकर कळला तर काही आठवडे नळी ठेवूनही भरू शकतो, नाहीतर ऑपरेशन. ते झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण बहुतेक सिझेरियननंच करतात, म्हणून पहिल्याच तपासणीला जुनी फाइल न्यायची आणि डॉक्टरनं विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगायचं. आता विचारा, माईक त्या मागच्या ताईंना द्या.