पपई कुणी खाल्ली? येऊरच्या पायथ्याशी रात्रीचं उदमांजर

[दृश्य: उपवन तलाव, मागे येऊरच्या डोंगराची कड. अंधार पडतोय. बंगल्याच्या अंगणात पपईचं झाड.]

निवेदन:
झाडावरची पपई पिवळी पडायला लागली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'अजून दोन दिवस राहू दे.' आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या पपईला एका बाजूने भगदाड पडलेलं असतं. आळ खारीवर येतो, वटवाघळांवर येतो, कधी शेजारच्या पोरांवरही येतो. ज्याने ती खाल्ली, तो मात्र पहाटेआधीच भिंतीवरून निघून गेलेला असतो.

ठाण्यात वर्तकनगरच्या वरची बाजू, उपवन, वसंत विहार, मानपाडा, पुढे घोडबंदर रोडचा डोंगराकडचा भाग, हा सगळा पट्टा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. जंगल संपतं तिथेच सोसायटीची भिंत सुरू होते, आणि त्या भिंतीवर दिवसा मांजर चालतं, रात्री उदमांजर.

[दृश्य: इन्फ्रारेड चित्रण. भिंतीवरून चालणारा लांब शेपटीचा प्राणी.]

कुठे त्याला कांडेचोर म्हणतात, कुठे काळमांजर. नावात मांजर असलं तरी तो मांजर-कुळातला नाही, आणि पाण्यातल्या ऊदाचा, म्हणजे पाणमांजराचाही नातलग नाही. वजन दोन ते पाच किलो. अंग मांजराएवढंच, पण पाय आखूड, तोंड निमुळतं आणि शेपूट जवळजवळ अंगाच्याच लांबीची. डोळ्यांभोवती काळसर मुखवटा, पाठीवर तीन गडद पट्टे. शेपटीवर काळी-पांढरी कडी दिसली, तर तो हा प्राणी नव्हे. ते जवादी मांजर, तेही याच टेकड्यांत राहतं, पण जास्त करून जमिनीवर वावरतं. व्हिडिओ हाताशी आला, की शेपूट आधी बघा. अर्धे घोळ तिथेच मिटतात.

[दृश्य: पपईचं झाड, खालची जमीन. हातमोजे घातलेला हात, काडीने काहीतरी बाजूला सारतोय.]

रात्री आपोआप फोटो काढणारा ट्रॅप कॅमेरा विकत घ्यायच्या आधी आठवडाभर नुसतं अंगण वाचा.

फळ चावल्याची खूण बोलकी असते. उंदीर-घुशी कुरतडतात, त्यांच्या पुढच्या दोन दातांचे बारीक समांतर चरे फळावर उमटतात. वटवाघूळ फळ चघळून रस घेतं आणि चोथा थुंकतं, म्हणून झाडाखाली चपटे, सुकलेले चोथ्याचे गोळे सापडतात. खार उजेडात येते, ती तुम्हाला दिसलेलीच असते. उदमांजर मोठे घास घेतं आणि बियांसकट गिळतं. चोथा नाही, बियांचा सडा नाही, फक्त खोल पोखरलेली पपई उरली असेल, तर त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरी खूण विष्ठेची. उदमांजर ती लपवत नाही. भिंतीचा कोपरा, पाण्याच्या टाकीचं झाकण, गच्चीचा कठडा, आडवं पडलेलं खोड, अशा उघड्या, थोड्या उंच जागी ती पुन्हा पुन्हा सापडते. अंगठ्याएवढी जाड, आणि तिच्यात बिया अख्ख्या: चिकूच्या काळ्या चकचकीत, पपईच्या सुरकुतलेल्या, उंबराच्या मोहरीहून बारीक. आदल्या रात्रीची शिदोरी त्या बियांतून वाचता येते. हातमोज्याशिवाय हात लावू नका, आणि तपासून झाल्यावर जागा ओल्या फडक्याने पुसा. सुकी झाडली तर धूळ नाकात जाते.

तिसरी खूण ठशांची. ही थोडी मेहनतीने मिळते. दोन फूट लांब-रुंद पत्र्यावर किंवा फरशीवर चाळलेली बारीक माती किंवा विटेचा चुरा दोन सेंटिमीटर जाडीने पसरा, हलकं पाणी शिंपडा, फळीने सपाट करा. सकाळी उठून बोटं मोजा. मांजर आणि कुत्रा यांच्या ठशात चार बोटं उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच. मुंगसाचीही पाचच, पण मुंगूस दिवसा फिरतं आणि त्याच्या नखांचे ठसे लांब, स्पष्ट असतात. म्हणून माती अंधार पडल्यावर सपाट करायची आणि उजाडायच्या आत बघायची. माती फार कोरडी ठेवली, तर कडा ढासळून पाचवं बोट नाहीसं होतं. निम्म्या लोकांची फसगत इथेच होते.

[दृश्य: खुणांचे ठिपके जोडत जाणारी रेषा: टाकी, भिंत, आंब्याची फांदी, पपई.]

या तिन्ही खुणा एका कागदावर मांडल्या, की वाट दिसायला लागते. उदमांजर एकटं फिरतं आणि वाट शक्यतो सोडत नाही. भिंतीचा माथा, पाण्याचा पाइप, झाडाची फांदी, पुन्हा भिंत. कॅमेरा या वाटेवर लावायचा असतो, पपईसमोर नव्हे. पपई आठ दिवसांत संपते, वाट वर्षभर तीच राहते.

[दृश्य: खोडाला पट्ट्याने बांधलेला ट्रॅप कॅमेरा.]

ट्रॅप कॅमेऱ्यात उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. समोरच्या गार पार्श्वभूमीवरून एखादं गरम अंग सरकलं, की तो जागा होतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, पार्श्वभूमी गार हवी. पश्चिमेकडची भिंत मे महिन्यात दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहते. अशा भिंतीसमोरून प्राणी गेला तरी सेन्सरला फरकच कळत नाही. मागे झुडूप असेल किंवा पूर्वेकडची भिंत असेल तर काम होतं. दुसरी गोष्ट म्हणजे, प्राणी आडवा गेला तर सेन्सर पटकन पकडतो, सरळ अंगावर चालत आला तर उशिरा. म्हणून कॅमेरा वाटेला तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशांत लावा. तोंडही दिसतं आणि शेपूटही.

उंची जमिनीपासून किंवा भिंतीच्या माथ्यापासून चाळीस ते पन्नास सेंटिमीटर. अंतर दोन ते तीन मीटर. यापेक्षा जवळ आणलात, तर इन्फ्रारेड दिव्याच्या झोतात प्राणी पांढराफेक दिसतो आणि मुखवटा, पट्टे सगळं पुसलं जातं. दिवे दोन प्रकारचे मिळतात: ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे लांब पोचतात पण अंधारात मंद लाल दिसतात, ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी. अंगणातल्या अंतराला ९४० पुरतो, आणि लाजऱ्या प्राण्यासाठी तोच घ्यावा.

तीन फोटो, मग पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, मग तीस सेकंद विश्रांती, असं सेटिंग ठेवा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख-वेळ लावताना दुपार-रात्रीची गल्लत होऊ देऊ नका. ती एक चूक झाली, की पुढच्या सगळ्या नोंदी उलट्या वाचल्या जातात.

[दृश्य: कॅमेऱ्याचं उघडलेलं झाकण, आत मुंग्या.]

आता बिघाडांकडे वळू.

दिवसाचे फोटो ठीक, पण रात्रीचा व्हिडिओ दोन सेकंदांत बंद पडतोय? सेल उतरलेत. रात्री दिव्यांना जास्त वीज लागते, आणि साधे अल्कलाइन सेल त्या भारात दबतात. लिथियमचे सेल महाग पडतात, पण टिकतात. रोज तीन-चारशे फोटो आणि सगळ्यांत पानंच? समोरची फांदी कापा, किंवा कॅमेरा वाऱ्यावर न हलणाऱ्या खोडाला बांधा. चित्र धुरकट? काचेवर दमट हवेचा थर बसलाय. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि पावसाळ्यात ती दर आठवड्याला बदला. आतमध्ये मुंग्या? ठाण्यात हे नेहमीचं. झाकणाचं रबर तपासा आणि पट्ट्याला थोडं व्हॅसलिन लावा. आणि कॅमेरा घरात ठेवून खिडकीच्या काचेतून बघायची युक्ती करू नका. काचेपलीकडची उष्णता सेन्सरला समजत नाही, आणि दिव्याचा उजेड काचेवरूनच परत येतो.

कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको. आधी त्यांना सांगून ठेवा. बऱ्याचदा त्यांच्याच गच्चीवरून तो प्राणी येत असतो.

[दृश्य: पसरट मातीची थाळी, पाणी. बाजूला फळी, त्यावर पपईची एक फोड.]

पक्ष्यांसाठी लावलेल्या फळीवर रात्री फळ ठेवावं का, हा प्रश्न हमखास येतो. आमचं मत स्पष्ट आहे: पाणी रोज, फळ क्वचित.

पाण्याची थाळी एक फूट रुंद, पाच सेंटिमीटर खोल, कडेला एखादा दगड. कॅमेऱ्यासमोर प्राणी थांबावा असं वाटत असेल, तर ही थाळी पुरेशी आहे. पण रोज पाणी फेकून थाळी काथ्याने घासायची. डेंग्यूचे डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

फळ ठेवायचंच असेल, तर आठवड्यातून एखाद-दोनदा, अर्धं केळं किंवा पपईची एक फोड. पाच-सहा फूट उंच फळीवर, अंधार पडल्यावर, आणि उजाडायच्या आत उचलून. दिवसा राहिलं तर माकडं येतात, आणि येऊरच्या पायथ्याला माकडांना एकदा जागा कळली, की ती विसरत नाहीत. उंबर, जांभूळ किंवा करवंद पिकलं असेल, तेव्हा तर फळ मुळीच ठेवू नका. त्या दिवसांत डोंगराने ताट वाढलेलंच असतं. उदमांजर गिळलेल्या बिया दूर नेऊन टाकतं. भेरली माडाची कितीतरी रोपं त्याच्या विष्ठेतून उगवलेली असतात. आपल्या केळ्यापायी त्याची ही फेरी तुटावी, असा लोभ कशाला?

दूध, पाव, भात, मासळी, कोंबडीची हाडं यांना सक्त मनाई. उरलंसुरलं अन्न उंदरांना ओढतं, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. अन्नावर भटकी कुत्री येतात, उदमांजराला फाडणारी हीच. आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. येऊरच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. उद्यानाच्या हद्दीत तर कुठल्याच प्राण्याला खाऊ घालायचं नाही, तिथे मनाईच आहे.

[दृश्य: जुन्या घराचा पत्रा, खाली काळोखी पोकळी.]

कधीकधी पाहुणा अंगणात न थांबता माळ्यावर मुक्काम ठोकतो. रात्री छतावर धपधप, सकाळी उग्र वास. कुणीतरी मग 'मसण्याऊद' असं नाव घेतं, आणि मढी उकरणाऱ्या प्राण्याच्या गोष्टी सुरू होतात. हा प्राणी फळं, उंदीर, किडे, अंडी खातो. मढ्यांशी त्याचं काही देणं-घेणं नाही, आणि कोंडला नाही तर माणसाच्या अंगावर येत नाही.

पोकळी बुजवायची घाई करू नका. आत पिल्लं असतील, तर आई बाहेर आणि पिल्लं आत अडकतात. पिल्लं स्वतः बाहेर फिरू लागेपर्यंत थांबा, मग रात्री सगळी बाहेर गेल्याची खात्री करून लोखंडी जाळी ठोका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, पाळणं, मारणं गुन्हा आहे. कबुतरांच्या नायलॉन जाळीत अडकलेलं किंवा जखमी उदमांजर दिसलं, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर कुत्री दूर ठेवा, दिवे मालवा, दूध पाजू नका.

[दृश्य: वही. तारखा, वेळा, छोटी रेखाटनं.]

दोन आठवड्यांच्या नोंदी जमल्या, की वही उघडा. तारीख, वेळ, कुठून आलं, कुठे गेलं, चंद्र होता का. चांदण्या रात्री उदमांजर कमी बाहेर पडतं, तुमच्या नोंदीतही बहुधा तेच दिसेल. भिंतीवर दर दहा सेंटिमीटरवर खडूची रेघ मारली असेल, तर मोठं जनावर आणि पिल्लू यांतला फरक फोटोतच मोजता येतो. शेपटीचं टोक पांढरं आहे का, कान फाटलाय का, यावरून एकेकाला ओळखायला शिका. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत, तर जागेचा पत्ता झाकून टाका.

[दृश्य: अंधारी खिडकी. बाहेर भिंतीची कड.]

मग एक अंधारी रात्र निवडा. नोंदीतल्या नेहमीच्या वेळेच्या पाऊण तास आधी घरातले दिवे बंद करा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. पंखा चालू असेल तर चालूच राहू द्या, मधेच बंद झालेला आवाज त्याला जास्त खटकतो. अत्तर, अगरबत्ती नको. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी बांधून ठेवा.

आधी पानांची सळसळ होईल. मग काहीच नाही. मग भिंतीच्या माथ्यावर एक लांबट आकार, पोट जवळजवळ टेकलेलं. तो थांबतो, नाक वर करतो. कधी पार्श्वभाग भिंतीवर घासून आपला वास ठेवतो. थाळीशी येतो, दोन-चार घोट घेतो, आणि कान तुमच्या खिडकीकडे वळतात.

टॉर्च मांडीवरच राहू द्या.