सांभाळणाऱ्याच्या नावावर काय?

माझा धाकटा भाऊ आता बेचाळीस वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालींवर ताबा नाही. आई होती तोवर मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअर्सला होते. आई गेली त्याच महिन्यात राजीनामा दिला. कुणी दे म्हणालं नव्हतं, पण घरात दुसरं होतं कोण?

दिव्यांगांच्या योजनांबद्दल बोला म्हणून तुम्ही पालकांनी मला बोलावलंत, ते बोलतेच. आधी एक विचारते. रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलायची, पाठीखाली हात घालून चादर ताणायची, कारण तिथं राहिलेल्या एका चुणीनं सकाळपर्यंत कातडी लाल होते. या कामाची नोंद कुठं आहे? त्याच्या नावावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, अनुदान आहे, एसटीची सवलत आहे. माझ्या नावावर काय?

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्याच्या २४व्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आपण नवीन काही मागत नाही. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला सरकारच्या आर्थिक कुवतीची अट आहे, आणि गाडी तिथंच अडते. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजना आली, महिना ६०० रुपये. रक्कम तुटपुंजीच, पण सांभाळणारी बाई सरकारी कागदावर आली, हे मला मोठं वाटतं. ब्रिटनमध्ये सांभाळणाऱ्यांचा भत्ता १९७६ साली सुरू झाला, तेव्हा लग्न झालेल्या बायकांना वगळलं होतं. त्या एरवीही घरीच असतात, असं धरलेलं. आईला सांभाळणारी एक विवाहिता त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६मध्ये जिंकली. ‘तुम्ही काय, घरीच असता’ हे मीही इथं नाशिकमध्ये एका खिडकीवर ऐकलंय. हातात फाईल होती, जीव घरी भावापाशी होता.

आता जे मिळतं ते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून महिना २,५०० रुपये झाले. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेच्या आत. सातपूरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेला माणूससुद्धा यात बसत नाही. ही मर्यादा वाढली पाहिजे, हे मी जिथं जाते तिथं सांगते.

‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा मात्र जरूर काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीही येते. काढताना वैद्यकीय तपासणी नाही. आपल्या मुलांना विमा कंपन्या दारात उभं करत नाहीत, म्हणून याचं मोल. घरात कुणी कर भरत असेल तर जुन्या कररचनेत ७५,००० रुपयांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. महापालिका असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. ते कुठं गेले, हे विचारायला लाजू नका.

आणि हे नीट ऐका. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं, मग बँकेत आईची सही चालत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. या चार प्रकारांसाठीच ते आहे. आमच्या आईनं ते घेतलं नव्हतं. तिच्यामागं मला भावाच्याच पैशांसाठी सात महिने हेलपाटे घालावे लागले. सरकारी नोकरीतल्या आईबापांनी तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव आपल्या हयातीतच नोंदवून ठेवा. पात्र ठरल्यास ते त्याला जन्मभर मिळतं.

शेजारच्या काकू भावाजवळ बसल्यात, त्या सहापर्यंतच थांबतील. मला साडेपाचची बस धरायचीय. कागदपत्रं ज्यांनी आणलीत, त्यांनी आधी पुढं या.