दुधाच्या चौकटीत मावेल एवढं

श्रोतेहो, नमस्कार.

डायरी लिहा, असं आपल्याला लहानपणापासून कुणी ना कुणी सांगत आलेलं असतं. आणि ज्याला लिहायचा कंटाळा आहे, तो ते ऐकून सोडून देतो. निबंधाच्या तासाला ज्यांच्या पोटात गोळा यायचा, अर्ज भरायचा म्हटला तरी जे मुलाच्या हातात पेन देतात, अशा सगळ्यांशी मला आज बोलायचं आहे. मी त्यांच्यातलाच एक आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी २७ वर्षं काम केलं. लिहिणं हे आपलं काम नाही, असं माझं पक्कं मत होतं. पण रोज पाळी सुटायच्या आधी मी रजिस्टर भरत होतो. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या धातूचा कितवा घाणा, ओततानाचं तापमान, किती बॉक्स, म्हणजे वाळूचे साचे, ओतले, किती नग रिजेक्ट गेले, आणि शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना. याला मी कधी लिहिणं म्हटलंच नाही.

एका पावसाळ्यात आमच्या कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या नगांना, ब्लो होल पडायला लागले. ब्लो होल म्हणजे वायू अडकून धातूत राहिलेली पोकळी. बाहेरून नग चांगला दिसतो, मशिनिंगला घेतला की भोक उघडं पडतं. कुणी म्हणे धातू थंड पडला, कुणी साचा भरणाऱ्या मोल्डरच्या हाताला दोष देई. भांडणं व्हायची वेळ आली, तेव्हा आम्ही मागच्या दोन महिन्यांची पानं उलटली. रिजेक्शन वाढलेल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी शेऱ्याच्या रकान्यात आमच्यातल्या एकानं तीनच शब्द लिहिले होते, 'वाळू ओली वाटते'. आणि ती पाळी प्रत्येक वेळी रात्रभर कोसळलेल्या पावसानंतरची. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की तापलेल्या धातूनं त्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच घर करते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणत्या दिवशी काय झालं, ते मात्र कुणाच्याच डोक्यात उरलं नव्हतं. ते फक्त रजिस्टरात होतं. ज्यानं ते तीन शब्द लिहिले, त्याचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं.

ही झाली कामाची गोष्ट. आता घरातली सांगतो.

आमचे आबा गेले त्यानंतरच्या दिवाळीत स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. तुमच्याही घरी असेल तसंच, दुधाच्या हिशोबाचं. माझी पत्नी रोजच्या चौकटीत दूध किती आलं ते लिहिते. दीड लिटर आलं तर दीड, आलंच नाही तर खाडा. मी सहज पानं मागं उलटत गेलो. मार्चमधल्या एका चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'दूध १. आबांनी कट्ट्यावर घेतलं.'

तिनं ते आठवण म्हणून लिहिलेलं नव्हतं. महिनाअखेरीला हिशोब जुळावा, अर्धा लिटर का कमी घेतलं ते कळावं, एवढ्यासाठी लिहिलं होतं. मी तिला विचारलं, हे कधी झालं? मग ती सांगायला लागली. आबा तरुणपणी तालमीत जायचे, मेहनत झाली की गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचे. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नातवाला स्कूटर काढायला लावली. म्हैस समोर पिळली, फेसानं भरलेला पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि मिशीचा फेस न पुसताच घरी आले. आल्यावर म्हणाले, "पोरी, माझं रातचं दूध नको आता." त्यानंतर ते स्वतःच्या पायांनी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत.

श्रोतेहो, मी त्या दिवशी कुठं होतो, मला आठवत नाही. त्या चौकटीतले चार शब्द नसते, तर आमच्या घरातून ती संध्याकाळ पुसली गेली असती. त्या रात्री मी ठरवलं, आपणही रोज काहीतरी टिपून ठेवायचं.

सुरुवात माझी फसली. कुणीतरी भेट दिलेली जाड डायरी घेतली, दिवसाला एक अख्खं पान. चौथ्या दिवशी ती कपाटात गेली. आता कळतं, की एवढं मोठं कोरं पान समोर आलं की ते निबंध मागतं. पहिलं वाक्य कसं करायचं, शेवट काय करायचा, ऱ्हस्व की दीर्घ. शाळेतली सगळी धास्ती परत येते. मग मी ती डायरी बाजूला ठेवली आणि दुसरं कॅलेंडर विकत आणलं, माझ्या एकट्यासाठी. दुधाच्या चौकटीत मावेल एवढंच लिहायचं. तिथं जागाच नसते, त्यामुळे जास्त लिहायचा प्रश्न येत नाही.

याला आपल्याकडे जुना, चांगला शब्द आहे, नोंद. नोंदीला शैली लागत नाही. कान्होजी जेध्यांच्या घराण्यातली जेधे शकावली तुम्ही ऐकली असेल. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली. शक, महिना, तिथी, वार, आणि काय घडलं ते थोडक्या शब्दांत, असा तिचा सगळा घाट आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, हे ठरवताना जाणकारांनी ज्या कागदांचा आधार घेतला, त्यांत ही शकावली महत्त्वाची. लिहिणाऱ्यानं अलंकार वापरले नाहीत. तारीख चुकवली नाही, एवढं पुरलं.

मग चौकटीत लिहायचं काय? मला विचाराल तर, दिवसाकडून एकच गोष्ट मागावी. कुणी बोललेलं एखादं वाक्य, जसंच्या तसं. भाजीचा भाव. आज पहिल्यांदा झालेलं काही. 'छान दिवस', 'कंटाळा आला' असलं शक्यतो नको. सहा महिन्यांनी वाचताना त्यातून काहीच हाताला लागत नाही. 'धाकटीनं आज आईला फोन लावून स्वतः माफी मागितली', हे लागतं.

आणि ज्यांना शब्दच नकोत, त्यांनी आकडा लिहावा. आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिलं काय विचारतो? "बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर हाय?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. नदीचं वर्णन कुणी विचारत नाही. आकडा कळला की गाडी काढायची की माळ्यावर सामान चढवायचं, ते आपण ठरवतो. तसाच मनाचा आकडा लिहा, एक ते दहा. शेजारी झोप किती तास झाली तो आकडा. मी हे वर्षभर केलं आणि मला दिसलं, की माझी चिडचीड व्हायची ती पाच तासांपेक्षा कमी झोप झालेल्या दिवशी. वीस वर्षं मी त्याचा दोष दुसऱ्यांना देत होतो. हेही ओल्या वाळूसारखंच निघालं.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असं सर्रास म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर यासाठी अभ्यास केला. एखादी साधी गोष्ट रोज ठरल्या वेळी करायची, आणि ती आपसूक कधी व्हायला लागते ते बघायचं. सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. त्यातली मला धीर देणारी गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा चुकलेल्या दिवशी दुधासारखा खाडा मांडा आणि पुढं चला. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून आपण दूध बंद करत नाही.

वेळ मात्र ठरलेली हवी, आणि ती रोजच्या एखाद्या कामाला जोडलेली हवी. मी गॅसचा कॉक बंद करायला रात्री स्वयंपाकघरात जातो. कॅलेंडर तिथंच आहे, पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली. पेन्सिल शोधावी लागली तर त्या दिवशी लिहिणं होत नाही, हा अनुभव आहे.

बायका मला म्हणतात, "दादा, आमचं कोण वाचलं तर?" एकत्र कुटुंबात ही अडचण खरीच मोठी आहे, आणि लिहिण्याच्या कंटाळ्यामागं कितीदा हीच भीती असते. अशांनी मोबाइलवर दोन वाक्यं बोलून ठेवावीत. किंवा कागदावर लिहावं आणि फाडून टाकावं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. घटना आणि त्यामागची भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जडच झालं होतं. हे मुद्दाम सांगतो. मनावरचं ओझं फार मोठं असेल, तर एकट्यानं कागदाशी झुंजत बसू नका. डॉक्टरांकडे जा, विश्वासाच्या माणसाशी बोला. चौकट छोट्या गोष्टींसाठी आहे.

२०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, त्याची रेघ आपल्याकडे कित्येकांनी भिंतीवर मारून ठेवलीय, शेजारी साल घातलंय. २०२१ ला दुसरी रेघ. ज्यांनी ती मारली, त्यांना कुणी डायरी लिहायला शिकवलं नव्हतं.

आज रात्री घरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेपाशी जरा थांबा. दुधाचा आकडा असेलच. त्याच्या शेजारी थोडी जागा असते. काल माझ्या चौकटीत मी लिहिलं, 'झोप ६. मन ७. नातू म्हणाला, आबा दूध प्यायचे ती जागा मला दाखवा. रविवारी जायचं.'

नमस्कार.